खाकरण्याचा मान

भाताचा भारा फळीवर आपटला की दाणे सुटतात आणि धूळ उठते. दाणे खाली पडतात, धूळ माणसाच्या छातीत जाते. वलवणच्या धरणामागे डोंगराच्या पोटाशी चिकटलेल्या त्या वाडीत झोडणीच्या दिवसांत सगळेच खोकतात. कोण कशाने खोकतो याची चौकशी त्या दिवसांत कुणी करीत नाही. पुतळाबाईनेही केली नसती. पण सुनेने भारा डोक्यावर उचलला, तसाच हवेत धरून ठेवला आणि आपटलाच नाही, तेव्हा पुतळाबाईच्या हातातले सूप थांबले.

सुषमाने भारा हळूच खाली टेकवला. पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि खळ्याकडे पाठ केली. तिचा खोकला ऐकू येत नव्हता, फक्त दिसत होता. पाठीची हाडे पोलक्यातून वर येत आणि आत जात. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या. मग तिने एकदा मान आखडली, डोळे मिटले आणि घशाशी आलेले परत खाली ढकलले.

"गिळलंस?" पुतळाबाईने जवळ जाऊन विचारले.

"व्हय, आत्याबाई."

"बरं. पानी पी."

त्या वाडीत खाकरणे हे पुरुषाचे काम होते. पुतळाबाईचा नवरा कमळू, ज्याला सगळी वाडी आबा म्हणे, शेतावरून परतताना आंब्याच्या वळणावर एकदा खाकरत असे. तेवढ्यावर अंगणात भांडी घासणाऱ्या बाया पदर डोक्यावर ओढत, ओट्यावर पाय सोडून बसलेली सून उठून आत जाई, आणि कुणाची कुचाळकी चाललेली असेल तर ती भाजीच्या भावावर येई. त्या आवाजात कफ किती आणि अधिकार किती, हे कुणी कधी वेगळे काढून पाहिले नव्हते. बाईने खोकावे, खोकला जनावरालाही येतो. पण छातीतून ओढून, घसा खरवडून, चारचौघांदेखत भुईवर टाकणे हे बाईने केलेले वाडीत कुणाच्या ऐकिवात नव्हते. तशी मनाई कुणी केलेली नव्हती. पुतळाबाई नवी नवरी असताना तिच्या सासूने एकदा डोळे वटारले होते. सुषमा नवी असताना पुतळाबाईने वटारले. एवढ्यावर ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे गेली होती.

शेजारची भागुबाई सावडीने, आज तू माझ्याकडे उद्या मी तुझ्याकडे या बोलीवर, झोडायला आली होती. तिचा हात चालू होता आणि हाताबरोबर तोंडही.

"बंगल्यावर झाडू मारून हात मऊ पडलं गं तुजं, सुषमे. नवशाच्या येळंला तुजी सासू ह्याच खळ्यावरनं उठून बाळंत व्हाया घरी गेली. इच्यार तिला."

"जाऊंदी गं," पुतळाबाई म्हणाली. "तिला बरं न्हाई."

"बरं न्हाई म्हंजी काय? टीबी न्हाई म्हून दवाखान्यानं सांगितलं. बाहेरचं न्हाई म्हून भगतानं सांगितलं. मग ऱ्हायलं काय?"

काय राहिले हे सगळ्यांना माहीत होते. सुषमाच्या तोंडावर म्हणायचे तेवढे बाकी होते. ज्या दुखण्याला दवाखाना आपले म्हणत नाही आणि भगतही आपले म्हणत नाही, त्याला वाडीत कामचुकारपणा म्हणतात.

पावसाळा सरता सरता हे सुरू झाले होते. सुषमा आणि तिचा नवरा नवशा दोघे धरणाकाठच्या एका बंगल्यावर कामाला जात. तो झाडे आणि पोहण्याचा हौद सांभाळी, ती खोल्या झाडी आणि पाहुण्यांच्या चादरी बदली. एका रविवारी चादर झटकताना तिला खोकल्याची उबळ आली. बंगल्याच्या मालकीणबाईंनी तिला अतिशय गोड शब्दांत सांगितले, की पूर्ण बरे वाटले की ये, घाई करू नकोस. महिना उलटायच्या आत तिच्या जागी दुसरी आली. मग रोज संध्याकाळचा ताप आणि पहाटे अंथरूण भिजवणारा घाम. सुषमाच्या मनगटावरच्या बांगड्या भाकरी थापताना कोपरापर्यंत घसरू लागल्या.

वाडीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. टीबीच्या नुसत्या शंकेने कुणी सुषमाला बाहेर काढले नाही. पुतळाबाईच्या लहानपणी त्या रोगाचे नावही उच्चारीत नसत. तिची चुलती खोकू लागली तेव्हा तिला शेताच्या बांधावर खोपटात ठेवले होते. भाकरी पानावर टाकून पान काठीने पुढे सरकवीत. ती कधी मेली हे भाकरी तशीच राहिली त्यावरून कळले. आता एसटीच्या पाठीवर आणि शाळेच्या भिंतीवर टीबी बरा होतो असे रंगवलेले होते. टीव्हीवर दाखवीत. बरे झालेले लोक चारचौघांत ते सांगत. खुद्द आबांनी ओट्यावर बसून निवाडा दिला होता, "टीबी असंल तर असूंदी. सरकार गोळ्या देतंय. खाईल आन् बरी व्हईल." एका पिढीत रोगाचा विटाळ एवढा धुऊन निघाला होता, की टीबीच निघावा म्हणून घरातले सगळे मनातून वाट पाहत होते.

पुतळाबाईने तर पुढचे पाऊल टाकले. सुषमाच्या पोरीला, तेजलला, तिने आईच्या अंथरुणातून उचलून आपल्या कुशीत घेतले. खोकणाऱ्याजवळ पोर निजवू नये, हे तिने टीव्हीवर पाहिले होते. पोर पहिल्यांदा रडली, मग आजीच्या गोधडीला सरावली.

मग नुसरत आली. टीबीच्या कामासाठी लोणावळ्याहून स्कूटीवर वाड्या हिंडणारी ही बाई मूळची देहूरोडची, लग्न होऊन लोणावळ्यात आलेली. तिने अंगणात उभे राहून सुषमाच्या हातात झाकणाची डबी दिली.

"सकाळी उठल्या उठल्या," ती म्हणाली, "काही खायच्या आधी."

पुढचे दाखवायला तिने हात छातीकडे नेला. ओट्यावर आबा बसले होते आणि तिच्याकडेच पाहत होते. हात ओढणीवर थांबला, ओढणी सारखी करून खाली आला. "डबीत थुंकी द्या," एवढे बोलून नुसरत पुढच्या घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सासू-सून परसात गेल्या. सुषमा उकिडवी बसली, पुतळाबाई झाकण धरून उभी राहिली.

"आदी चूळ भर. परक्या बाईच्या हातात द्यायचंय. घाण नगं."

सुषमाने चूळ भरली. ओठ न हलवता, आवाज न करता डबीत थुंकी जमवली. पुतळाबाईने डबी उजेडाकडे धरून पाहिली. तिचे समाधान झाले. "कशी नितळ हाय बग. नाव ठिवाया जागा न्हाई."

तालुक्याच्या मशीनने त्या डबीतले तपासले आणि टीबी नाही असे कळवले. मशीन चुकले नव्हते. त्याच्यापुढे जे ठेवले होते त्यात काही नव्हते.

मग नवशाने बायकोला बाजारातल्या डॉक्टरकडे नेले. त्याने गोळ्यांची पट्टी दिली. ताप उतरला, सुषमा पोटभर जेवली, आणि पट्टी संपल्यावर पंधरवड्यात सगळे परत आले. काही औषधे हा रोग मारत नाहीत, त्याला थोडा वेळ गप्प बसवतात. पण घरात अर्थ निघाला तो वेगळाच. मनात आले की हिला बरे वाटते, असा.

शेवटी आबा तिला पलीकडच्या वाडीतल्या भगताकडे घेऊन गेले. भगताने तांदळाचे दाणे मांडले, मोडले, पुन्हा मांडले. सुषमाकडे बराच वेळ पाहिले आणि दाणे गोळा करून पिशवीत भरले.

"आबा, ह्ये माज्याकडलं न्हाई. हिला टीबी हाय."

"दवाखाना न्हाई म्हनतोय."

"मला झालता की. मी सोता गोळ्या खाल्ल्यात. मला कळत न्हाई व्हय?"

"त्येंच्या मशीननं बगितलंय, भगता."

"मग मी काय करू? माज्याकडलं असतं तर मी व्हय म्हनलो असतो. आयतं कोंबडं सोडाया मला काय येड लागलंय?"

दोन्ही दारे अशी बंद झाल्यावर मध्ये सुषमा एकटी उरली.

झोडणीच्या त्या दिवशी दुपारी खळ्यावर भाकरी सोडल्या. नवशा बंगल्यावरून सुट्टी घेऊन आला होता. आबांनी सुकटीचे कालवण पुसून खाल्ले, हात धुतला आणि मग बोलले. आवाज चढलेला नव्हता.

"नवशा, झोडनी आज उरकती. उद्या हिला बेडशाला सोडून ये. बापाच्या घरी इसावा घेऊंदी. बरी झाली की यील."

"आबा, तिच्या बापाचं आता काय चालतंय तितं?"

"बाप हाय नव्हं? मग? हितं बसून खानाऱ्याला म्या किती दिस बगायचं? पोरगी ऱ्हाईल हितं. म्हातारी सांबाळती तिला."

नवशाने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. तो बापापुढे बोलणारा मुलगा नव्हता. बंगल्यावर पाहुण्यांच्या बुटांतले पाणी काढताना तो जसा मान खाली घालून बसे, तसाच बसला. सुषमा उठली आणि रिकामी कळशी घेऊन ओढ्याकडे गेली. थोड्या वेळाने पुतळाबाई तिच्या मागे गेली.

ओढ्यात पाणी घोट्याएवढे उरले होते. सुषमा दगडावर बसली होती. कळशी भरून झाली होती, पण उचलण्याचे बळ यायची ती वाट पाहत होती.

"आत्याबाई, बेडशाला भाऊ वेगळा निघालाय. बाप त्येच्या दारात बसून खातोय. भावजय मला घरात घ्यायची न्हाई. गोठ्यात निजवंल."

"असं कसं निजवंल?"

"मला ठावं हाय ना. हितंच असू द्या मला. म्या लय दिस न्हाई लागायची."

हे तिने दळण किती उरले ते सांगावे तशा आवाजात सांगितले. पुतळाबाईच्या डोळ्यांपुढे शेताच्या बांधावरचे खोपट आले, काठीने सरकवलेले पान आले. तेव्हा ती तेजलपेक्षा थोडी मोठी होती आणि एकदोनदा पान तिनेच सरकवले होते.

"कामं टाळतीस काय गं तू?" तिने अचानक विचारले.

सुषमाने वर पाहिले. "तुमास्नी वाटतं तसं?"

पुतळाबाईने कळशी स्वतःच्या कमरेवर घेतली आणि चढ चढू लागली. अर्ध्यात तिला धाप लागली. ती थांबली, तोंड मिटून खोकली, गिळले आणि पुन्हा चालू लागली. वर आल्यावर तिने नवशाला खळ्यामागे बोलावले.

"त्या नुसरतबाईला फोन लाव. म्हनावं उद्या सकाळी यायलाच पायजे."

"आये, ती येऊन काय करनार? झालंय त्येंचं तपासून."

"तू लाव. तुज्या बापाला मी बगती."

दुसऱ्या दिवशी सकाळी नुसरतची स्कूटी आली तेव्हा सुषमाचे गाठोडे उंबऱ्याशी बांधून ठेवलेले होते. नवशाने कुणाची तरी मोटरसायकल मागून आणली होती. आबा ओट्यावर बसून पेंढ्याचे बंध वळत होते. तेजल त्यांच्या पाठीशी सूप घेऊन माती पाखडत होती.

"या नुसरतबाई," आबा म्हणाले. "यकदा न्हाई म्हनलात. आता आनि काय ऱ्हायलंय?"

"बघू या ना आबा, आलेय तर." नुसरतने सुषमाकडे, तिच्या सैल झालेल्या बांगड्यांकडे पाहिले. मग ती पुतळाबाईकडे वळली. "मावशी, मागच्या वेळी डबीत काय दिलं होतं तुम्ही?"

"तुमी मागितलं त्ये."

"कसं होतं पण? घट्ट? पिवळं?"

पुतळाबाईला हा प्रश्न लागला. "पिवळं? आमी वाडीतली मानसं असलो म्हून तसलं देऊ व्हय तुमच्या हातात? चूळ भराया लावून नितळ दिलं. मी सोता उजेडात धरून बगितलं."

नुसरत अंगणात आणून ठेवलेल्या झोडणीच्या फळीवर बसली. तिने डोक्यावरची ओढणी उगाचच मागेपुढे केली.

"तिथंच घोटाळा झाला, मावशी. मला ती घाणच पाहिजे होती. नितळ आहे ते तोंडातलं पाणी. रोग छातीत आहे, तिथलं वर काढून द्यायला हवं होतं. मीही नीट दाखवलं नाही. आबा समोर होते. आमच्याकडेही सासऱ्यांपुढे खोकला आला तर ओढणी तोंडात धरतात, म्हणून मी आपली..." तिने वाक्य सोडून दिले आणि पिशवीतून नवी डबी काढली. "आत्ता देता येईल?"

"म्हंजी खाकरायचं?" सुषमाने विचारले.

"हो. पोटातून जोर लावून."

सुषमाने ओट्याकडे पाहिले. नुसरतनेही पाहिले. "आबा, जरा खळ्यावर जाऊन येता का?"

"माज्या वट्यावरनं मी कशापायी जाऊ? तिला काय करायचं त्ये करूंदी. मी काय तिचा गळा धरलाय?"

आबा खरे बोलत होते. त्यांनी कुणाचाच गळा कधी धरला नव्हता.

नुसरत सुषमाला घेऊन परसात गेली. पाठोपाठ पुतळाबाई गेली. सुषमाने लांब श्वास घेतला, तोंड उघडले, आणि नुसताच वारा बाहेर आला. पुन्हा केले. घशात काहीतरी हलले आणि सवयीने आपोआप खाली उतरले. ते खाली उतरले हे तिलाही उतरून गेल्यावर कळले. डबीत पडले ते पुन्हा पाण्यासारखे.

"न्हाई जमत, ताई," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होते, पण ते जोर लावल्यामुळे असावे. "आवाजच निघंना."

"डबी ठेवून जाते. उद्या सकाळी प्रयत्न करा."

ओट्यावरून आबांचा आवाज आला. "उद्या ती बेडशाला असंल."

नवशाने मोटरसायकलला किक मारली. ती लगेच सुरू झाली. एरवी इतक्या पटकन होत नसे. भिंतीला टेकून सुषमा उभी होती. परसातून दिसणाऱ्या डोंगराकडे ती, इथले इथेच ठेवून जायचे आहे अशा नजरेने पाहत होती. पुतळाबाईने सुनेला एकदा नीट न्याहाळले. मग ती तरातरा घराला वळसा घालून पुढच्या अंगणात गेली आणि ओट्याच्या समोर, जिथे आबांचे पान-पाणी ठेवले जाई त्याच जागी, उभी राहिली. गुडघ्यांवर हात टेकले. लुगड्यातली तिची किडकिडीत पाठ वाकली.

ती खाकरली.

पहिला आवाज अर्धवट आला. दुसरा आला तो तळातून, खडीवरून गाडी ओढावी तसा खरखरत, आणि सगळ्या वाडीवर गेला. समोरच्या अंगणात भांडी घासणाऱ्या भागुबाईचा राखेने भरलेला हात चटकन डोक्याकडे गेला आणि पदर पुढे आला. परसात सुषमानेही, न बघता, पदर ओढला. खुद्द आबांनी बंध वळता वळता मान वर करून आंब्याच्या वळणाकडे पाहिले, कोण आले म्हणून.

वळणावर कुणीच नव्हते. अंगणात पुतळाबाई उभी होती आणि पदराच्या टोकाने ओठ पुसत होती.

"अगं बया, तू व्हय?" भागुबाई म्हणाली. तिच्या कपाळावर राख लागली होती. "मला वाटलं, कुनाचं पावनं आलं."

आबांच्या हातातला बंध सुटला होता. 

घराच्या कोपऱ्यावर सुषमा आली होती. तिने सासूकडे पाहिले, भागुबाईच्या कपाळाकडे पाहिले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटले. हसू छातीत उतरले आणि तिथे खोकला होऊन उलटले. ती वाकली. पदर तोंडाकडे जाणार तोच पुतळाबाईने तिचा हात पकडला, दुसऱ्या हाताने कपाळ धरले, ओकणाऱ्या लेकराचे धरतात तसे.

"गिळू नगंस. टाक. मी हाय हितं. खाकर म्हनती ना."

सुषमा खाकरली. आवाज मोठा नव्हता, पण पुरेसा होता. मागून आलेल्या नुसरतने पुढे धरलेल्या डबीत पडले ते घट्ट आणि पिवळे होते, त्यात सुतासारखी एक तांबडी रेघ होती.

नुसरतने झाकण लावले, डबी पुसली, पुन्हा पुसली. "हेच पाहिजे होतं," ती म्हणाली. "तपासणीत काय निघतं ते कळेल. पण आबा, मी स्पष्ट सांगते, हिला आता कुठं हलवू नका. औषध इथंच सुरू करावं लागेल, असं मला वाटतं."

आबांनी बंध पुन्हा हातात घेतला. "टीबी असंल तर मी कवा न्हाई म्हनलो?" ते म्हणाले. "आदीच नीट दिलं असतं तर?"

नवशाने मोटरसायकल बंद केली. उंबऱ्याशी ठेवलेले गाठोडे उचलून तो आत गेला. तो आत काय करतो आहे हे दिसत नव्हते, पण पत्र्याच्या पेटीचे झाकण उघडल्याचा आवाज आला.

"आत्याबाई," सुषमा भिंतीला टेकत म्हणाली, "तुमास्नी कुनी शिकवलं खाकराया?"

"शिकवायचं काय त्येच्यात? इतकी वर्सं ऐकती मी." पुतळाबाईच्या चेहऱ्यावर पोरवयातले काहीतरी आले होते. तिने पायाच्या अंगठ्याने माती ओढली आणि आपण भुईवर टाकलेले झाकू लागली.

"थांबा मावशी," नुसरत म्हणाली.

ती जवळ आली आणि खाली बसली. अर्धवट माती पडलेल्या त्या जागेकडे तिने वाकून पाहिले.

"पान खाल्लंय का?"

"न्हाई अजून. सकाळधरनं सवड कुटं घावली?"

"मग हे लाल कशाचं?"

"त्ये व्हय?" पुतळाबाई हसली. "त्ये असतंय. ह्यो चुलीचा खोकला हाय, बाई. नवशाच्या लग्नाआदीपासनं हाय. कदी जास्ती, कदी कमी. मी कवा कुनाला तरास दिला न्हाई त्येचा. आला की गिळती न् कामाला लागती."

"संध्याकाळी अंग तापतं?"

"कामाचं मानूस म्हनल्यावर तापायचंच."

नुसरतने पिशवीत हात घातला. दुसरी डबी काढली आणि उघडली. भागुबाईने भांडे घासायचे थांबवले होते. सुषमा भिंतीपासून हळूहळू सरळ झाली होती.

"तेजल रात्री कुणाजवळ झोपते, मावशी?"

पुतळाबाईजवळ उत्तर तयार होते. कितीतरी दिवस कुणीतरी विचारावे म्हणून तिने ते जपून ठेवले होते.

"माज्यापाशी. सुषमा खोकाया लागली तवापासनं मी पोरीला तिच्या वाऱ्याला उभी करत न्हाई. टीव्हीवर सांगत्यात ना. माज्या कुशीत घेऊन, तोंडाला तोंड..."

ती थांबली. वाक्य पुरे व्हायला फार थोडे उरले होते.

ओट्यावरून तेजल उतरली होती. सूप टाकून ती अंगणाच्या मधोमध आली, गुडघ्यांवर हात टेकले, आजीसारखी पाठ वाकवली आणि बारक्या आवाजात खाकरली. जमले म्हणून तिने सगळ्यांकडे पाहिले. भागुबाईच्या तोंडून हसू निघाले आणि निघाल्या निघाल्या थांबले. कुणी शाबासकी देईना, तेव्हा पोर हात पसरून रोजच्यासारखी आजीकडे धावली.

पुतळाबाईने एक हात पुढे करून तिला लांबच अडवले. दुसऱ्या हाताने पदर ओढला. आबांच्या समोर, आयुष्यात पहिल्यांदाच, डोके उघडे पडेल असा खाली ओढला, आणि त्याचा बोळा करून स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.